सुनावणीला गेले म्हणजे जमीन गेली?

अक्कलकोट तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने मागच्या महिन्यात मला फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश वाचून दाखवला. महामार्गाच्या भूसंपादनाच्या सुनावणीला जाऊ नका, हजेरीपत्रकावरची सही संमती म्हणून धरली जाते, हरकत वकिलामार्फतच घ्यावी लागते, हरकत घेतल्यास मोबदला कापतात आणि तसेही सगळे आधीच ठरलेले असते, असे त्यात लिहिले होते. आत्याची विहीर अधिसूचनेतल्या गटात येते. तरीही ‘सही केली की जमीन गेली रे बाबा’ म्हणत ती प्रांत कार्यालयाची पायरी चढायला तयार नव्हती. सोलापुरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनीही हा संदेश डोळे झाकून पुढे ढकलला, याचा मला जास्त संताप आहे.

सहीचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वांत घातकही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली सक्तीने संपादित होते आणि त्यात मालकाची संमती कोणत्याही टप्प्यावर लागतच नाही. जी कोणी मागितलेलीच नाही, ती संमती हजेरीपत्रकातून चोरण्याचे कष्ट कोण कशाला घेईल? जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम ३ए ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत कलम ३सी खाली लेखी हरकत घेता येते आणि ती घेणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे सक्षम प्राधिकाऱ्यावर, म्हणजे भूसंपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यावर, बंधनकारक असते. हरकत आलीच नाही, तर कलम ३डी नुसार अहवाल केंद्र सरकारकडे जातो, घोषणा निघते आणि त्या घोषणेबरोबर जमीन सरकारकडे निहित होते, म्हणजे तिची मालकीच सरकारची होते. संदेशाचे ऐकून घरी बसणारा माणूस नेमकी हीच वाट मोकळी करून देतो. समृद्धी महामार्गाच्या वेळी संमतीने थेट खरेदी झाली होती, त्यावरून हा घोळ झाला असेल. पण तो व्यवहार नोंदणीकृत खरेदीखताने झाला, हजेरीच्या सहीने नव्हे.

वकिलाची सक्ती नाही. ‘स्वतः किंवा वकिलामार्फत’ असे कलम ३सी मध्येच आहे. मोबदला कलम ३जी खाली वेगळा ठरतो, त्याचा हरकतीशी संबंध नाही.

सगळे आधीच ठरलेले असते, हे मात्र नाइलाजाने अर्धे मान्य करावे लागते. आखणी पक्की झाल्यावरच अधिसूचना निघते आणि हरकतीवरचा आदेश अंतिम असतो, त्यामुळे रस्ता सरकेल अशी आशा मी आत्यालाही दाखवली नाही. दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एकात स्थानिक भाषेत, अधिसूचनेचा सारांश छापावा असे कायदा सांगतो. तेवढे केले की आपले काम संपले असे यंत्रणेला वाटते. गट क्रमांकांचा बारीक टायपातला तक्ता कोण वाचणार? आत्याच्या घरात तर कानडी बोलतात. नकाशा घेऊन गावच्या चावडीवर कोणी आले असते, तर या संदेशाला तिच्याकडे थाराच मिळाला नसता.

आम्ही अर्ज लिहिला. त्यात विहीर, पाइपलाइन आणि शेत दुभंगल्यावर पलीकडच्या तुकड्यात बैलगाडी कुठून न्यायची, हा प्रश्न मांडला. पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत आत्याने पिशवीत जपून ठेवली. सुनावणीच्या दिवशी तिने हजेरीपत्रकावर सहीही केली, पण त्याआधी लिपिकाला वरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला.