आबांचा ट्रान्झिस्टर भंगारात घालणारा फॉरवर्ड

मागच्या रविवारी आंजर्ल्याला घरी गेलो तर पडवीत रद्दीच्या गठ्ठ्यावर आबांचा ट्रान्झिस्टर. सुतळीने बांधून, भंगारवाल्यासाठी तयार. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, वय ८१, सकाळी चूळ भरायच्या आधी रेडिओचा कान पिळणारा माणूस. विचारलं तर म्हणाले, "अरे आता कोण ऐकतो हे, ग्रुपवर आलंय ना, वाच." चुलतभावाने डोंबिवलीतून घरच्या ग्रुपवर ढकललेला फॉरवर्ड, तुमच्याकडेही आलाच असेल, 'रेडिओवर व्हरायटी राहिली नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनो, जरा वास्तव बघा' अशी सुरुवात आणि खाली सहा मुद्दे. एक, रेडिओवाले लोकांना आवडतं तेच लावतात. दोन, आधी एकटी आकाशवाणी होती, आता ढीगभर स्टेशनं आहेत, म्हणजे व्हरायटी वाढलीच. तीन, गाणी कॉम्प्युटर निवडतो, वशिला नाही, पैसे घेऊन गाणी वाजवतात ही अफवा. चार, अमेरिकेने १९९६ मध्ये बंधनं उठवली आणि तिथल्या रेडिओचं सोनं झालं. पाच, मालवणी गाणी, कोळीगीतं ऐकणारं कोणी उरलेलं नाही. सहा, मोबाईल असताना रेडिओ हवा कशाला, टाका भंगारात.

आबांनी बाकीचं सगळं सोडून सहावा तेवढा मनावर घेतला.

एरवी मी असले फॉरवर्ड न वाचता पुढे जातो, पण पडवीतली ती सुतळी बघून डोकं सटकलं.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि ते एकदाचं कबूल करून मोकळा होतो. आकाशवाणी एकटी होती तेव्हा काही सोन्याचे दिवस नव्हते. १९५२ ते ६२ या काळात नभोवाणी खातं आपल्याच मराठी माणसाकडे, बाळकृष्ण केसकरांकडे होतं आणि त्यांना सिनेमाची गाणी अजिबात खपायची नाहीत. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायब झाली, मग लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं, अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून तिकडूनच यायची. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पेटीला तर १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीत बंदी होती, म्हणजे भजनी मंडळातली साधी पेटी रेडिओला चालत नव्हती. तेव्हा सरकारी रेडिओ म्हणजे धुतला तांदूळ असं मी म्हणत नाहीये.

पण स्टेशनं मोजली म्हणजे व्हरायटी मोजली असं होत नाही ना रे बाबा. हर्णैच्या लिलावात दहा टोपल्या लागल्या आणि दहाहीत बांगडाच असला तर मासळी भरपूर आली म्हणा, पापलेट आलं म्हणू नका. गेल्या महिन्यात आम्ही पनवेल ते वडखळ दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, मुलगी पुढच्या सीटवर बसून स्टेशनं बदलत होती आणि तेवढ्या वेळात एकच गाणं तीन स्टेशनांवर लागलं. एकदा तर एकीकडे ते संपतंय आणि दुसरीकडे त्याचंच सुरुवातीचं म्युझिक चालू झालं. मुलीला वाटलं बटण दाबलंच गेलं नाही, म्हणून तिने परत दाबलं.

आता पहिला आणि चौथा मुद्दा एकत्रच घेतो कारण दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते अमेरिकेतूनच मिळतं, फॉरवर्डवाल्याने स्वतःच तिकडे बोट दाखवलंय. १९९६ च्या आधी तिथे एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता यायची. तो देशाचा आकडा कायद्याने काढून टाकला आणि क्लिअर चॅनल नावाची कंपनी साधारण ४० वरून काही वर्षांत १२०० च्या वर गेली. सोनं झालं, पण कोणाचं? २००२ मध्ये तिथल्या फ्यूचर ऑफ म्युझिक कोएलिशन या संस्थेने या सगळ्याचा अभ्यास केला. तेव्हा देशातले दोनतृतीयांश श्रोते आणि दोनतृतीयांश कमाई फक्त दहा कंपन्यांकडे गेलेली होती. आणि गंमत ही की काही अर्थतज्ज्ञ म्हणतात १९९६ नंतर फॉरमॅट वाढले, म्हणजे स्टेशनांवर वेगवेगळ्या प्रकारच्या पाट्या जास्त लागल्या, आणि ते खोटं नाहीये, मोजलं तर तसंच निघतं. पण कोएलिशनच्या त्या अभ्यासात पाट्यांच्या आत बघितलं तर वेगवेगळं नाव असलेल्या दोन फॉरमॅटमधली गाणी ७६ टक्क्यांपर्यंत तीच. शंभरात शहात्तर! पाटीवर मालवणी खानावळ, आत पावभाजी.

लोकांना आवडतं तेच लावतात म्हणे. लोकांना विचारतात कसं ते माहितीये का? फोनवर किंवा हॉलमध्ये माणसं बसवून गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवतात, ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आला का, असे मार्क घ्यायचे. आता सात सेकंदांत ओळखीचंच गाणं ओळखू येणार. जे कधी लागलंच नाही ते ओळखीचं होणार कुठून? ओळखीचं नाही म्हणून लावायचं नाही, लावत नाही म्हणून ओळखीचं नाही, आणि वर म्हणायचं लोकांनाच नको. पाचवा मुद्दा इथेच निकालात निघतो. कोळीगीतं कोणी ऐकत नाही म्हणणाऱ्याने मे महिन्यात हर्णै-पाजपंढरीत कुठल्याही हळदीला येऊन रात्री अकरानंतर झोपून दाखवावं.

कॉम्प्युटर निवडतो हे तर ऐकूनच हसू आलं. सॉफ्टवेअर असतंच, पण त्यात गाणी माणूसच भरतो, कुठलं गाणं तीन-चार तासांनी परत फिरवायचं, कुठलं दिवसातून एकदा आणि कुठलं आठवड्यातून एकदा, हे कप्पे माणूसच करतो. कॉम्प्युटर फक्त वाढपी, स्वयंपाक दुसराच करतो. आणि पैशांचं म्हणाल तर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने, एलियट स्पिट्झरने, सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीला स्टेशनांना पैसे आणि भेटी देऊन गाणी वाजवून घेतल्याबद्दल एक कोटी डॉलर भरायला लावले होते. अफवेपायी कोणी एक कोटी डॉलर भरत नाही. बास, पुढे.

आता सहावा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

१८ जानेवारी २००२. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट म्हणून साधारण छत्तीस-सदतीस हजार वस्तीचं गाव. मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेला मालगाडी घसरली, डब्यांमधून अमोनिया वायू सुटला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि लाईट गेलेली. लोकांनी काय केलं, बॅटरीवरचे रेडिओ लावले. गावातली सहाही व्यापारी स्टेशनं क्लिअर चॅनलची होती. पोलीस आणीबाणीसाठी ठरवलेल्या स्टेशनला फोन करतायत आणि तिकडे कोणी उचलत नाही. रेडिओवर आपली गाणी चालू. एक माणूस गेला, शेकडो आजारी पडले. कंपनीचं म्हणणं असं की स्टुडिओत माणूस होता, पोलिसांनी इशाऱ्याची यंत्रणाच नीट वापरली नाही. धरू, तेही असेल, चूक एकट्या रेडिओची नसेल. पण सहा स्टेशनं असून रात्री खिडकी उघडून बाहेर कसला वास येतोय बघायला एकच माणूस, तोही होता की नव्हता यावर वाद, यालाच आमचा फॉरवर्डवाला सोनं म्हणतोय.

आणि आपल्याकडे वारं तिकडेच चाललंय. सरकारच्या २००५ च्या खाजगी एफएम धोरणात एका शहरात एका कंपनीला एकच चॅनल मिळायचं. २०११ च्या धोरणात ते शहरातल्या चॅनलच्या ४० टक्क्यांपर्यंत नेलं, मालक किमान तीन वेगळे असले की झालं, शिवाय एका ठिकाणचा कार्यक्रम देशभरातल्या आपल्या स्टेशनांवर लावायची मोकळीक. स्वतःच्या बातम्या द्यायला खाजगी स्टेशनांना परवानगी नाही, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. हवामान सांगता येतं, पण सांगायला स्टुडिओत बसलेल्याला आंजर्ल्याची खाडी कुठल्या बाजूला आहे ते माहीत पाहिजे.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. मी तेव्हा घरीच होतो. दुपारी माडीवरचे पत्रे उडाले, मागच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या, आणि सगळं थांबल्यावर मोबाईल बघितला तर एक काडी नाही. टॉवरच आडवा. आमच्या वाडीत लाईट जवळजवळ तीन आठवडे नव्हती, रेंज यायला आठ दिवस गेले, तीही टेकडीवर चढून. ज्या मोबाईलवर हा फॉरवर्ड फिरतोय तो त्या आठ दिवसांत बॅटरी म्हणूनसुद्धा कामाचा नव्हता, चार्ज कुठे करणार? आबांनी फडताळातून हाच ट्रान्झिस्टर काढला, मोठे सेल घातले, एरियलला तारेचा तुकडा गुंडाळला आणि ओटीवर ठेवला. रत्नागिरी आकाशवाणी खरखरत लागली. शेजारची दहा-बारा माणसं भोवती बसलेली, कोणी बोलत नाही, कुठला रस्ता मोकळा झाला, मंडणगडकडे काय झालंय, पुढे पाऊस किती, एवढंच ऐकायचं. मध्येच नाट्यगीत लागलं तर आबांनी आवाज बारीक केला नाही, "लागू दे" म्हणाले. शेजारची काकू तेवढ्यात पदराने डोळे पुसून घेत होती.

डोंबिवलीवाल्या चुलतभावाला त्या आठ दिवसांत आम्ही जिवंत आहोत की नाही हेसुद्धा कळत नव्हतं, आणि तोच आता रेडिओ टाका म्हणतोय. त्याला फोन केला तर म्हणतो, "अरे मी पूर्ण वाचलाच नव्हता, नुसता फॉरवर्ड केला." मेल्या!

तर सुतळी सोडली. सेलच्या कप्प्यात एक सेल फुटून हिरवं साचलं होतं, ते जुन्या ब्रशने खरवडलं. मोठे सेल गावात मिळाले नाहीत, सगळीकडे रिमोटचेच बारके, शेवटी दापोलीला स्टँडजवळ एका दुकानात चार मिळाले. काल सकाळी सातलाच आबांचा फोन. म्हटलं चालतोय ना रेडिओ? "चालतोय तर," म्हणाले, "पण त्या बाईनं आज हवा कोरडी राहील म्हणून सांगितलंन आणि इथे पागोळ्या गळतायत. कळव तिला."