टोगा सावरताना

प्राचीन रोममध्ये पुरुषाची सारी प्रतिष्ठा त्याच्या डाव्या हातावर तोललेली असे, असे माझे मत झाले आहे. टोगा म्हणजे अर्धगोलाकार कापलेले, साम्राज्यकाळात पाच-सहा मीटर लांबीपर्यंत गेलेले लोकरी वस्त्र. त्याला ना गाठ, ना टाचणी. डाव्या खांद्यावरून पाठीमागे, उजव्या काखेखालून पुढे आणि पुन्हा डाव्या खांद्यावर असा फेरा झाला की तो सगळा डोलारा डाव्या हाताने सावरायचा. मी दोन चादरी जोडून हा प्रयोग घरी केला. धोतराला निदान कासोटा तरी असतो. येथे मी दाराची कडी काढायला हात उचलला मात्र, अर्धी प्रतिष्ठा जमिनीवर आली. “अहो, उभेच आहात तर दूध तरी आत घ्या,” असे ही म्हणाली, तेव्हा मला उमगले की टोगा नेसलेल्याला दूध उचलता येत नाही आणि म्हणूनच तो मोठा माणूस ठरतो.

अर्थात मोठेपणातही पायऱ्या होत्या. साध्या नागरिकाचा टोगा बिनकिनारीचा; जांभळी किनार वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि, का कोण जाणे, नागरिकांच्या लहान मुलांना. आतल्या अंगरख्यावर सिनेटरला रुंद जांभळी पट्टी आणि किमान ४,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) मालमत्ता असलेल्या, सिनेटरांखालोखालच्या अश्वारोही वर्गाला अरुंद, म्हणजे समोरच्यापुढे किती वाकायचे हे पट्टी पाहूनच ठरवायचे. निवडणुकीचे उमेदवार खडू चोळून टोगा झगझगीत करत. धोबी मात्र तो शिळ्या मूत्रात तुडवून धूत, त्यामुळे लांबून दिसणारी प्रतिष्ठा जवळून कशी वाटत असेल, याचा विचार मी टाळतो. खरी दया येते ती गरीब आश्रितांची. त्यांना पहाटेच हे लोढणे गुंडाळून धनिकाच्या दारी हजेरी लावावी लागे, तीही चिल्लर बिदागीसाठी.

कंटाळलेले रोमन सुटसुटीत झगे घालू लागले, तेव्हा सम्राट ऑगस्टसने फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, टोगा सक्तीचा केला. परकीयांना मात्र तो निषिद्ध होता. एकाच्या नागरिकत्वाचा खटला सम्राट क्लॉडिअसपुढे चालला असता आरोपीने टोगा घालावा की ग्रीक झगा, यावरच वाद पेटला. सम्राटाने निवाडा दिला की विरोधी पक्ष बोलताना झगा आणि बचाव पक्ष बोलताना टोगा. वकिलांची भाषणे लांबावीत अशी मनोमन प्रार्थना करणारा तो इतिहासातील बहुधा एकमेव आरोपी असावा.