केजरीवालांवरची डॉक्युमेंटरी बघाच, बाजू कुठलीही असो

खुशबू रांका आणि विनय शुक्लाची 'अ‍ॅन इन्सिग्निफिकंट मॅन' परत बघितली. केजरीवालांना डोक्यावर घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी, दोघांनीही बघायलाच पाहिजे. नोव्हेंबर 2012 ला आम आदमी पक्ष निघाला आणि डिसेंबर 2013 ला दिल्ली विधानसभेत 70 पैकी 28 जागा, खुद्द मुख्यमंत्री शीला दीक्षित 25 हजारांहून जास्त मतांनी पडल्या! आणि हे सगळं घडत असताना कॅमेरा आत बसलेला, पार पक्षाच्या मीटिंगांमध्ये.

या फिल्मला सेन्सॉर बोर्डानं काय सांगितलं होतं माहितीये? मोदी, दीक्षित आणि केजरीवाल, तिघांकडून ना हरकत पत्र आणा. म्हणजे नेत्यावर फिल्म काढायची तर नेत्यालाच विचारायचं? संताप येतो अजून. शेवटी अपिलात सुटली आणि नोव्हेंबर 2017 ला रिलीज झाली, ती थांबवायला सुप्रीम कोर्टानं नकार दिला म्हणून.

मला सभांपेक्षा त्या मीटिंगाच जास्त भिडल्या. बाहेर वीजबिल निम्मं, पाणी फुकट, नुसत्या घोषणा. आत तिकीटवाटपावरून कार्यकर्ते भडकलेले, आणि ते पण अशा पक्षात जो निर्णय लोकांनीच घ्यायचे म्हणून उभा राहिला. तेव्हाचे पक्षाचे नेते योगेंद्र यादव शांतपणे बोलतायत आणि आपण बघताना हळहळतो, कारण पुढचं आपल्याला माहितीये, फेब्रुवारी 2015 ला 67 जागा आल्या आणि एप्रिलमध्ये यादव आणि दुसरे नेते प्रशांत भूषण पक्षाबाहेर. इतकं बहुमत असताना दोन माणसांचे प्रश्न सहन होऊ नयेत? 2025 ला पक्ष 22 वर आला तेव्हा सगळे दारू धोरणातल्या घोटाळ्याच्या आरोपांवर आणि केजरीवालांच्या सरकारी बंगल्याच्या खर्चावर बोलत होते, पण माझ्या मते घसरण 2015 लाच सुरू झाली, एका माणसाचा चेहरा म्हणजेच पक्ष असं ठरलं तेव्हा.

आणि संतोष कोली. रेशनच्या काळ्या बाजाराविरुद्ध झोपडपट्टीत लढलेली पोरगी, सीमापुरीची उमेदवार, 2013 ला निवडणुकीआधीच अपघातात गेली. पक्ष उभा राहिला तो अशा माणसांमुळे, त्यांची नावं आज कोण घेतं सांगा.

तरी एक गोष्ट मान्य करायलाच हवी. तिकीटं ठरत असताना कॅमेरा आत येऊ द्यायला धाडस लागतं आणि ते केजरीवालांनी तेव्हा दाखवलं होतं. दुसऱ्या कुठल्या पक्षानं असं करू दिलेलं मला तरी आठवत नाही, तुम्हाला माहिती असेल तर खाली सांगा, मला खरंच बघायचंय.