साथीच्या काळात धोक्याचे काम नाकारणारा सफाई कामगार गुन्हेगार ठरतो का?

कोरोनाच्या पहिल्या लाटेपासून एक मजकूर फिरतो आहे आणि नव्या साथीची बातमी आली की तो पुन्हा वर येतो. त्याचे म्हणणे असे, की सफाई ही अत्यावश्यक सेवा असल्याने साथीत सफाई कामगाराला कोणतेही काम नाकारता येत नाही. नाकारल्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि मेस्मा (महाराष्ट्राचा अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा) यांखाली तो गुन्हा ठरतो. सरकारने 50 लाखांचा विमा दिलेला असल्याने तक्रारीला जागा नाही. आणि सीमेवरचा जवान कधी नकार देत नाही. हा मजकूर मुकादमांच्या तोंडीही ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 याचे कलम 51 आदेश न पाळणाऱ्याला शिक्षा सांगते, पण ती ‘वाजवी कारण नसताना’ आदेश मोडणाऱ्यासाठी आहे. कर्तव्य सोडणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीचे कलम 56 सुद्धा कायदेशीर सबब असलेल्याला वगळते. मास्क, हातमोजे आणि गमबूट न देता बाधिताच्या घरचा कचरा उचलायला लावणे हे नकाराचे वाजवी कारण नसेल, तर वाजवी कारण म्हणायचे तरी कशाला? मेस्मा संपाला रोखतो, आणि संप म्हणजे अनेकांनी मिळून ठरवून काम बंद ठेवणे. साधने द्या, लगेच गाडीवर चढतो, असे सांगणारा एकटा मोटर लोडर, म्हणजे गाडीत कचरा भरणारा कामगार, संपावर नसतो.

नियम आधी कोण मोडतो, हे तो मजकूर सांगतच नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतात की नाही, हे पाहणे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम होते. मार्च 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विलगीकरणातल्या घरांचा जैववैद्यकीय कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा आणि तो उचलणाऱ्यांना तीन पदरी मास्क, द्रव न झिरपणारा अ‍ॅप्रन, नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे, गमबूट आणि चष्मा द्यावा, असे सांगितले. त्या दिवसांत एका हजेरी चौकीवर मी पाहिलेले हातमोजे मात्र सुती विणीचे होते. ओल्या कचऱ्याचे पाणी लागले की ते भिजून बोटांना चिकटायचे, आणि त्याच हातांनी कामगार कपाळावरचा घाम पुसायचे. वापरलेले मास्क आणि भाजीची देठे एकाच काळ्या पिशवीतून येत होती. अशा पिशवीला हात लावायला नकार देणारा कामगार नियम मोडत नाही. नियम पाळला जावा, एवढेच तो मागतो.

विम्याचे म्हणाल, तर 26 मार्च 2020 रोजी जाहीर झालेली केंद्राची योजना कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती. रस्ता झाडणारा प्रत्येक कामगार आपोआप तिच्यात येत नव्हता. आणि मृत्यूनंतर वारसांना पैसे मिळणार, म्हणून जिवंत माणसाने मास्क मागू नये, हा कोणता न्याय?

जवानाशी केलेली तुलना कायद्यातही बसत नाही. सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा संविधानाच्या अनुच्छेद 33 ने संसदेला दिली आहे. सफाई कामगारांबाबत तशी मुभा नाही. उलट 1995 साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

धोक्याचे काम थांबवण्याचा सर्वसाधारण अधिकार आपल्याकडे एका कलमात सरळ लिहिलेला नाही, हे खरे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात तो आहे: जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे मानायला वाजवी कारण असलेल्या कामगाराने काम थांबवले, तर त्याच्यावर अनुचित कारवाई होऊ नये. आपल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचे कलम 14 मात्र धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्यापाशी थांबते. कंत्राटी कामगाराला ही उणीव सर्वांत जास्त भोवते. त्याच्यावर खटला भरण्याची गरजच पडत नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

कामगारांनी नकार दिला तर शहराचे काय होईल, ही भीती मात्र खरी आहे आणि जुनी आहे. 1896 च्या प्लेगमध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना हलालखोर (मैला उचलणारे कामगार) आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची धास्ती होती, आणि रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे उपाय सैल करताना ती त्यांच्या मनात होती. त्याच साथीतून 1897 चा साथरोग कायदा आला, पण झाडू हातात धरणाऱ्याच्या सुरक्षेबद्दल त्यात काही नव्हते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक हजेरी चौकीवर नकाराची नोंदवही असावी. कामगाराने सांगितलेले कारण वेळेसह मुकादमाने तिच्यात लिहावे, अधिकाऱ्याने त्याच पाळीत येऊन पाहणी करावी, साधने मिळेपर्यंत कामगाराला दुसरे काम द्यावे आणि त्या दिवसाची हजेरी कापू नये. कंत्राटाच्या अटींत हे लिहिणे महापालिकेच्या हातात आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.