मी बोलले होते

आई आवाज खाली आणून 'मी बोलले होते रे' म्हणते, तेव्हा ते बोलणं माझ्याशी झालेलं नसतं. थेट वर झालेलं असतं. चार वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली आणि ती परत लागावी म्हणून आई सत्यनारायण बोलली. नोकरी लागली. त्यासाठी मी अर्ज खरडले, इंटरव्ह्यूंत घाम गाळला, पण हिशेबात त्याची कुठे नोंद नाही. करार आई आणि देव यांच्यातला, पाटावर बसायचं मी.

मी देव मानत नाही. म्हणजे घराबाहेर मानत नाही. घरात 'बघू' म्हणतो. श्रावणात 'बघू, दिवाळी होऊ दे', दिवाळीनंतर 'बघू, मार्च एंड होऊ दे'. एकदा धीर करून अभ्यासाच्या वाटेने गेलो. म्हटलं, "आई, बंगालात सत्यपीर म्हणून एक पीर आहेत. या पूजेचं त्यांच्याशी नातं आहे असं अभ्यासक म्हणतात." आई गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग बरंच की. दोन्हीकडचं पुण्य."

असा गेल्या श्रावणात, म्हणजे २०२५ साली, मी पाटावर बसलो. मुकटा बाबांचा. बाबांच्या पोटाच्या मापाने विणलेला असावा, माझ्या कमरेवर तो ठरेचना. आत हाफ पँट, वर मुकटा आणि त्याला बायकोची सेफ्टी पिन. चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले, त्यातला डावीकडचा दर पाच मिनिटांनी माझ्या खांद्यावर मान टाकायचा. बायको उजवीकडे, गुरुजींनी खूण केली की माझ्या हाताला बोट लावायला. तिचं काम तेवढंच. तिची श्रद्धा आहे का, हे मी विचारलेलं नाही. एका घरात एवढं संशोधन पुरे.

गुरुजींना त्या दिवशी आणखी तीन पूजा होत्या. "यजमान, डोळ्यांना पाणी लावा. पळी डाव्या हातात. उजव्या हाताने प्यायचं. प्यायचं म्हटलं, सोडायचं नाही. मम म्हणा." मी मम म्हटलं. लहानपणापासून मी या घरात दुसरं काय म्हटलंय?

संकल्प मात्र मी कान देऊन ऐकला. गुरुजी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणाले आणि माझ्यातला चिकित्सक जागा झाला. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आहे का? आहे. तीर जरा लांब पडतं, पण दिशा बरोबर. पुढे 'बौद्धावतारे' आलं, म्हणजे बुद्धालाही गुरुजींनी हजेरीपटावर घेतलं. मग ते म्हणाले, शालिवाहन शके १९४७. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण हे शक होतं, त्यात ७८ मिळवायचे होते आणि पूजा अजून सुपाऱ्यांवरच होती.

कथेला मंडळी जमली. आई भिंतीला टेकून, पदर सारखा करून बसली. तिला कथा पाठ आहे, तरी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते. तिसऱ्या अध्यायात साधुवाणी आला. अपत्य झालं की पूजा करीन म्हणाला. मुलगी झाली, तेव्हा बायकोला म्हणाला, हिच्या लग्नात करू. लग्न झालं, पूजा राहिलीच. सरळ माणूस, मला तो फार जवळचा वाटला. मग राजाने त्याला आणि जावयाला चोर म्हणून तुरुंगात टाकलं. एवढं वाचून गुरुजींनी पान उलटायला श्वास घेतला, तेवढ्या शांततेत मी मागे पाहिलं. आत्या, मामी, शेजारच्या दोघी, सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. आई तेवढी देवाकडे बघत होती.

आता प्रसाद. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. पंधरा दिवसांपूर्वी माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला होता आणि डॉक्टरांनी तूप या शब्दावर पेनने दोनदा रेघ मारली होती. आईला सांगितलं. "प्रसादाने काही होत नाही," ती म्हणाली आणि मूद पाडली. वाटीच्या कडेने तूप सुटत होतं, वर केळ्याची चकती आणि एक बेदाणा. या शिऱ्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती, हे इथे कबूल केलं पाहिजे.

संध्याकाळी मला डबा देऊन बिल्डिंगमध्ये पिटाळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार अर्धं उघडलं, डबा पाहिला आणि हळूच म्हणाले, "राग मानू नकोस, मी हे काही मानत नाही. शिवाय शुगर आहे."

बारा वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो आणि हे आज कळलं! मला मिठीच मारावीशी वाटली. पण तोंडातून आलं ते असं : "काका, प्रसादाला नाही म्हणू नये. तुंगध्वज राजाचं काय झालं?"

"काय झालं?"

"शंभर मुलगे गेले."

"मला एकच आहे, तोही कॅनडात," काका म्हणाले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, कोण आलंय? प्रसाद आणलाय का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्यात बोटं घातली, मोठा घास उचलला, आधी कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"तूप छान आहे," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "आईंना सांग."