पहिल्याच दिवशी निकाल कसा लावावा

गुरुजी, पूर्वग्रह शहरातल्या लोकांना असतो. आपल्याकडे असतो तो अनुभव. इतकी वर्षं खडू घासूनही हजेरीपटावरचं आडनाव वाचून पोट्टं दहावीत कुठं आपटेल हे सांगता येत नसेल, तर नोकरी वायाच गेली म्हणायची.

उन्हाळा संपून शाळा उघडली की आधी जागा वाटून टाका. सरपंचाचं पोरगं पुढं, पारध्यांच्या बेड्यावरचं मागं खिडकीपाशी. वर्गात पेन हरवलं की थेट खिडकीकडे जायचं, वेळ वाचतो. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा १८७१चा, तो १९५२ साली रद्द झाला म्हणतात. झाला असेल, आपल्याला कुठं जीआर आला? पेन सरपंचाच्या पोराच्या दप्तरात निघालं तर 'गेलं असेल चुकून' म्हणून हसावं. चुका पुढच्या बाकावर होतात, चोऱ्या मागच्या.

'सर, मले नाही समजलं' असं कोणी म्हणालं की आधी 'मले नाही, मला' हे दुरुस्त करा. काय समजलं नाही ते राहू द्या. मधल्या सुट्टीत मग फोनवर खुशाल 'काऊन बे, पानी आला का तिकडं?'

मेळघाटात बदली झालीच, तर पहिलीतलं कोरकू लेकरू गप्प बसलेलं दिसेल. त्याची भाषा मुंडा कुळातली, मराठीपेक्षा झारखंडकडच्या संथाळीला जवळची. तुमचं 'पुस्तक काढा' त्याच्या कानाला नुसता आवाज. एवढ्या खोलात शिरू नका. शेऱ्यात 'मंद' लिहा, मोकळे व्हा.

दिवाळीनंतर माय कापूस वेचायला वावरात जाते आणि पोरगी धाकट्या भावाला घेऊन घरी बसते. तिच्यापुढं लाल शाईनं 'गैरहजर', वर 'पालक उदासीन'. सरपंचाचं पोरगं मामाच्या लग्नाला आठवडाभर नागपूरला गेलं, तर ती रजा.

रोझेन्थल आणि जेकबसन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ साली एक प्रयोग छापला. कशीही निवडलेली काही मुलं त्यांनी शिक्षकांना 'ही यंदा चमकणार' म्हणून सांगितली, आणि पहिली-दुसरीतली तसली मुलं बुद्धिमापन चाचणीत खरंच पुढं गेली. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाला. आपण तो वादच तेवढा लक्षात ठेवावा.

कोणी सुचवेल, आठवडाभर प्रश्न विचाराल त्या मुलाच्या नावापुढं टिंब द्या. चुकूनही देऊ नका. सगळी टिंबं पहिल्या दोन बाकांवर गोळा होतात आणि झोप उडते. त्यापेक्षा केंद्रप्रमुखांचा तक्ता बरा. 'वर्गात भेदभावाचे प्रकार' असा रकाना आला की 'निरंक' लिहायचं, खाली सही, शिक्का.