"जिनिव्हातून लॉकडाऊन लागणार" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय: डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) महामारी करारामुळे लॉकडाऊन आणि लस आता जिनिव्हातून, म्हणजे तिच्या मुख्यालयातून ठरणार, आपल्याकडच्या विषाणूंचे सॅम्पल फुकट परदेशी जाणार, आणि साथीची खबर जगाला दिली की देशाची नुसती बदनामी होते. पाठवणारे आपलेच काका-मावशी आहेत, काळजीनेच पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लॉकडाऊनचं आधी. करार 20 मे 2025 ला मंजूर झाला, आदल्या दिवशी समितीतल्या मतदानात 124 देश बाजूने, 11 तटस्थ, विरोधात कोणीच नाही. त्यात सरळ लिहिलंय की लॉकडाऊन, प्रवासबंदी किंवा लसीची सक्ती कुठल्याही देशावर लादायचा अधिकार डब्ल्यूएचओला नाही. आणि तो लागू होतो 60 देशांनी आपापल्या घरी मान्यता दिल्यावरच. 2020 चा लॉकडाऊनसुद्धा दिल्लीनेच लावला होता ना.

सॅम्पलचा मुद्दा मात्र खरा आहे. 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे सॅम्पल द्यायचं थांबवलं होतं, कारण त्यातून बनलेली लस त्यांनाच परवडणार नव्हती, आणि त्यांचा राग रास्तच होता. म्हणून तर या करारात सहभागी होणाऱ्या कंपन्यांनी महामारीत लशी-औषधांच्या उत्पादनातला 20 टक्के वाटा डब्ल्यूएचओला द्यायचं लक्ष्य ठेवायचं, त्यातला निम्मा तरी फुकट, असं ठरलंय. तपशिलावर भारताने भांडावं, जरूर भांडावं, पण त्यासाठी चर्चेच्या टेबलाशी बसायला लागतं.

आता बदनामी. 1994 आठवतंय का कोणाला? प्लेग आधी बीडकडे, मग सप्टेंबरात सुरतेत. मी आठवीत होतो, बाबांबरोबर बडोदा स्टेशनवर गेलो तर सुरतेहून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, हमाल सामानाला हात लावेनात, आणि घरी येताना तीन मेडिकल फिरलो तरी टेट्रासायक्लिन, म्हणजे प्लेगवरचं औषध, मिळालं नाही. प्लेगच आहे का हे पक्कं सांगायलाच इतका वेळ गेला की तोवर अफवा सगळीकडे पोचली होती, आणि आखाती देशांनी विमानं बंद केली.

त्याच्यासमोर चांदीपुरा ठेवून बघा. हा व्हायरस 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरात सापडला, म्हणून ते नाव. 2004 मध्ये पूर्व गुजरातेतली मुलं ताप आणि झटक्यांनी आपल्या सयाजी हॉस्पिटलला आली, बहुतेक वाचली नाहीत. 2024 ला परत साबरकांठ्याकडे तेच सुरू झालं, पण या वेळी सॅम्पल भराभर पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) गेले, ऑगस्टमध्ये 64 पक्क्या केसेसचा आकडा डब्ल्यूएचओने जगापुढे मांडला, आणि कोणी विमानं बंद केली नाहीत. मुलं गेली ते दुःख आहेच. पण पक्की माहिती वेळेत दिली की 1994 सारखी पळापळ होत नाही, हे आपल्याच गुजरातेत दिसलं.

साथीची खबर जगाला द्यायचा नियम काही नवा नाही. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत आधीपासून आहे की जगाला धोका वाटेल अशी घटना ठरली की 24 तासांत कळवायचं. पण ते 24 तास मोजायला लागण्याआधी गोध्र्याकडच्या एखाद्या गावात आशाबेनला, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, तापाने झटके येणारं मूल दिसायला लागतं, तिचा फोन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कोणीतरी उचलायला लागतो, आणि सॅम्पल बर्फात ठेवून त्याच दिवशी गाडीत चढवायला लागतो. काका, ग्रुपवर विचारायचंच असेल तर हे विचारा, आपल्या तालुक्याच्या पीएचसीत लॅब टेक्निशियनची जागा भरलेली आहे का?